न छेडलेला गांधार : तंबोरा इतका भारी का वाटतो?

चरईकर

गाणे शिकायला लागून मला अकरा वर्षे झाली आणि त्यांतील पहिली नऊ वर्षे मी तंबोऱ्याकडे सरळ कानाडोळा केला, ही कबुली आधीच देऊन टाकते. रोजच्या रियाजाला मोबाईलमधला तंबोरा चाले. तो कधी उतरत नाही, त्याची तार तुटत नाही आणि तो उशीशेजारी मावतो, त्यामुळे खऱ्या तंबोऱ्याची उणीव मला कधी भासली नाही. माझ्या गाण्याच्या बाईंनी ठाणे सोडून मुलाकडे राहायला जाताना आपला तंबोरा माझ्याकडे दिला, तेव्हाही मी तो आदराने घेतला, गवसणीसकट कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या फटीत उभा केला, आणि दसऱ्याला झेंडूचे फूल वाहण्यापलीकडे त्याची चौकशी केली नाही.

मागच्या जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात वीज गेली. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, खालच्या मजल्यावरची मालिका वाक्याच्या मधेच गप्प झाली. चरईतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री साडेनऊ वाजता एवढी शांतता मी पंचवीस वर्षांत अनुभवली नव्हती. एरवी वारा फिरला की स्टेशनवरची उद्घोषणासुद्धा घरात येते. मोबाईल विझत आलेला, म्हणून निव्वळ चाळा म्हणून मी गवसणी काढली आणि मेणबत्तीच्या उजेडात तंबोरा लावायला बसले. खुंट्या दमट हवेने फुगून घट्ट झाल्या होत्या, त्यामुळे चार तारा जुळवायला पाऊण तास गेला.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिली तार मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी जाड पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. पहिली मधल्या बोटाने छेडायची आणि उरलेल्या तीन तर्जनीने. प, सा, सा, सा. यापलीकडे त्यावर काहीही वाजवायचे नसते. त्या रात्री जोडीच्या दोन तारा एकमेकींत पूर्ण विरघळल्या, आणि चौथी तार छेडल्यावर खोलीत गांधार, म्हणजे ग, ऐकू आला. मी तो लावलेला नव्हता. चारांपैकी एकाही तारेवर तो नव्हता. शेजारच्या खोलीतून कोणीतरी तोंड मिटून गुणगुणावे तसा तो आला, तार विझत गेली तसा अधिक स्पष्ट झाला, आणि पुढच्या आवर्तनात पुन्हा आला. मी उठून खिडकी बंद करून पाहिली. मग दोन दिवसांनी बाईंना फोन केला, तर त्या एवढेच म्हणाल्या, "आला का? बरं झालं. आता गायला बस."

त्यानंतर मी हळूहळू या वाद्याच्या नादी लागले. सगळी गंमत घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या भोपळ्याकडच्या पट्टीवर, आहे. तिचा माथा वरून सपाट दिसतो, पण डोळे मिटून बोट फिरवले तर कळते की त्याला अगदी केसभर बाक आहे. तार त्या बाकावर धड टेकलेलीही नसते आणि धड सुटलेलीही नसते. त्या दोन्हींमधल्या जागेत सुती दोऱ्याचा तुकडा सरकवायचा. मी शिवणाच्या डब्यातला साधा पांढरा दोरा वापरते. तो चुकीच्या जागी असला तर तार बद्द वाजते, जणू कोणी तिच्यावर पंचा टाकला आहे. तो नखाने पुढेमागे ढकलत राहावे. एका क्षणी तार अचानक उघडते, तिच्यातून मधमाश्यांचे मोहोळ उठावे तसा झंकार निघतो आणि बराच वेळ टिकतो. दोरा आणखी जरा सरकला की ती पुन्हा मिटते किंवा चरचरू लागते. बरोबर जागा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते आणि चारही तारांची वेगवेगळी असते. याला जवारी म्हणतात, आणि जवारी लागली की नाही हे सांगायला कानाशिवाय दुसरे साधन नाही.

सुरावट नाही, ठेका नाही, पडदे नाहीत, वादकाला टाळ्या नाहीत, तरीही हे वाद्य मला भारी वाटते, कारण त्यात लावलेल्या स्वरांपेक्षा न लावलेले स्वर जास्त आहेत. आपल्याला काय वाटते? वाद घालायलाही हरकत नाही, मात्र धागा तंबोऱ्यावरच ठेवावा ही विनंती.

पेटीवाला

लेख सुंदर आहे, पण मी विरोधी बाकावर बसतो. गेली वीस वर्षे मी ठाणे, डोंबिवली आणि वाशी या पट्ट्यात नाट्यसंगीताला आणि भजनाला पेटीची साथ करतो आहे. माझ्या लेखी तंबोरा म्हणजे आकाराने मोठे आणि मानाने थोर असे तुणतुणे. गायकाच्या मागे दोन शिष्य तंबोरे घेऊन बसतात तेव्हा दृश्य शोभिवंत दिसते हे कबूल आहे. परंतु सभागृहातल्या थंड हवेत पहिल्या पंधरा मिनिटांत त्या तारा जागच्या हलतात, शिष्य भर मैफलीत खुंट्या पिळत बसतात, आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याने तंबोऱ्याचा माइक इतका खाली ओढलेला असतो की प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो तो मंचावरच्या यंत्राचाच सूर. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. ते स्वतः बासरी वाजवत आणि पेशाने अभियंता होते, म्हणजे गरज कोणाला होती हे उघड आहे. त्यांच्या त्या पेटाऱ्याने लाखो विद्यार्थ्यांची सोय केली. मग घरात पाच फुटांचा भोपळा कशासाठी सांभाळायचा?

आणि गांधाराबद्दल म्हणाल तर, मला तो आजवर ऐकू आलेला नाही.

कळवा पूल

पेटीवाल्यांना गांधार ऐकू न येण्याचे कारण त्यांच्या आयडीतच आहे.

आंदोलक

वरचा टोमणा विनोद म्हणून सोडला तरी त्यात तथ्य आहे, ते पुढे सांगतो. आधी गांधार कुठून येतो ते पाहू.

कोणतीही ताणलेली तार एकच स्वर देत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आंदोलनांचे स्वर तिच्यातून एकाच वेळी निघतात. जुने लोक त्यांना स्वयंभू स्वर म्हणतात आणि हा शब्द मला इतर कोणत्याही परिभाषेपेक्षा आवडतो. खर्जाच्या तारेचा दुसरा आणि चौथा स्वयंभू स्वर षड्जच असतो, तिसरा पंचम, आणि पाचवा गांधार. चरईकर बाईंचा तंबोरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला आहे असे धरले, तर त्यांची खर्जाची तार सेकंदाला साधारण १०४ आंदोलने करते. त्याची पाचपट म्हणजे सुमारे ५१९, आणि हाच तो तार सप्तकातला गांधार. पंचमाच्या तारेच्या पोटातही असेच खजिने आहेत : तिचा तिसरा स्वयंभू स्वर ऋषभ आणि पाचवा शुद्ध निषाद. म्हणजे चार तारांवर फक्त प आणि सा लावून खोलीत सा, रे, ग, प, नि एवढी मंडळी हजर असतात.

आता कोणी म्हणेल की हे तर गिटारच्या तारेतही असते. असते, पण तिथे वरचे स्वर क्षीण असतात आणि लवकर विझतात. शिवाय एक जुना नियम आहे : तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्या स्वयंभू स्वराचा स्थिरबिंदू, म्हणजे त्या स्वरासाठी तार जिथे हलत नाही ती जागा, येतो, तो स्वर त्या छेडण्यातून निघू नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे स्वर गायब व्हायला हवेत. तंबोरा हा नियम धाब्यावर बसवतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात वीणा आणि तंबोरा यांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली. नोबेल त्यानंतर नऊ वर्षांनी, वेगळ्या कामासाठी मिळाले. पण कोलकात्याच्या प्रयोगशाळेत बसून तंबोऱ्याच्या घोडीकडे टक लावून पाहणारे रामन माझ्या डोळ्यांसमोर जास्त येतात.

कारण घोडीच्या त्या बाकात आहे. इतर वाद्यांत तार एका धारेवर टेकते आणि तिथून पुढे मोकळी असते. तंबोऱ्यात तार कंप पावताना घोडीच्या माथ्याला दर आंदोलनात थोडी गुंडाळली जाते आणि पुन्हा सुटते, त्यामुळे तिची मोकळी लांबी क्षणोक्षणी किंचित बदलत राहते, आणि खालच्या स्वरातली शक्ती सतत वरच्या स्वयंभू स्वरांकडे ढकलली जाते. तार मंदावत जाते तसे वेगवेगळे स्वर पाळीपाळीने पुढे येतात. चरईकर बाईंना गांधार तार विझताना अधिक स्पष्ट वाटला तो भास नव्हता. दोऱ्याचे काम एवढेच की तो तारेला बाकापासून नेमक्या उंचीवर धरून ठेवतो. याचे गणित मी ऐरोलीहून ठाण्याला येताना अनेकदा मनात मांडून पाहिले आहे आणि दर वेळी ठाणे आधी आले आहे.

आता पेटी. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तक १२०० सेंटांचे धरले तर तिचा गांधार ४०० वर येतो आणि तारेतला स्वयंभू गांधार ३८६ वर. काळी चारचा गांधार म्हणजे पेटीवरची पांढरी एक. तो सूर सुमारे ५२३ ला बोलतो आणि तंबोऱ्यातला ५१९ ला. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू यायला हवेत. रोज ४०० चा गांधार ऐकणाऱ्या कानाला ३८६ चा गांधार हा गांधार आहे असे वाटतच नसेल, तर दोष कानाचा नाही.

पेटीवाला

चार हेलकाव्यांचे गणित समजले. घरी तंबोरा नसल्याने पडताळता येत नाही. मोबाईलवरच्या तंबोऱ्याबरोबर पेटी वाजवून पाहिली. काहीतरी डुगडुगते खरे, पण ते फोनच्या लहानशा स्पीकरमुळे की गांधारामुळे, हे ठरवता येईना.

मिरजेचा पाहुणा

नोकरीमुळे खारघरला राहतो, गाव मिरज. आमच्या गावाचे नाव निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण व्हायचा नाही, म्हणून घाईने लिहितो.

मिरजेत तंबोरे आणि सतारी करण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. त्याची सुरुवात करणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. हत्यारांचे दिवस सरल्यावर त्याच हातांनी लाकूड धरले आणि पुढे आडनावच सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले, जरी आमच्या घरात कोणीही कधी कशालाही खुंटी लावलेली नाही.

तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो, भाजीचा नव्हे. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूहून येतो. कोरडे, कमी पावसाचे हवामान त्याला मानवते. वाळल्यावर साल टणक आणि हलकी राहते, आणि आतून कोरून पोकळी साफ केली की तिच्यावर तुणाच्या लाकडाची तबली, म्हणजे पातळ झाकण, बसवतात. दांडीही तुणाचीच आणि आतून पोकळ. कारखान्यात भिंतीशी रचलेले भोपळे पाहिले तर एकासारखा दुसरा सापडत नाही. कारागीर प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून बघतो आणि मर्दानी तंबोऱ्याला कोणता, जनानीला कोणता, हे मनाशी ठरवून टाकतो. पूर्वी घोडीचा माथा सांबरशिंगाचा करीत. वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झाले आणि आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम द्रव्य वापरतात. जुने कारागीर शिंगाची आठवण काढून हळहळतात. मला स्वतःला दोहोंतला फरक ओळखता आलेला नाही.

जवारी काढणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे. लहानपणी मी एका म्हाताऱ्या कारागिराला तासभर बघत बसलो होतो. कानशीच्या दोन हलक्या ओढी, तार चढवणे, छेडणे, मान हलवणे, तार उतरवणे, पुन्हा दोन ओढी. एकदाही मोजपट्टी हातात घेतली नाही. मी विचारले की कळते कसे, तर ते म्हणाले, "पोरा, आवाज गोल झाला की थांबायचं." गोल म्हणजे काय, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच स्थायिक झाले होते आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तंबोरा सुरात मिळाल्याखेरीज त्या घराण्याचे गाणे सुरू होत नाही, हे आपण सगळे जाणतोच. दक्षिणेच्या प्रवासात १९३७ मध्ये एका लहानशा स्टेशनवर त्यांची तब्येत बिघडली. तेव्हा फलाटावर बसून, तंबोरा जुळवून, दरबारीत प्रार्थना गात त्यांनी देह ठेवला असे आमच्याकडे सांगतात.

जोडतार

फलाटावरून आठवले, आणि हा किस्सा काहीसा लाजिरवाणा आहे.

चार वर्षांपूर्वी मी माझा तंबोरा जवारीसाठी दादरला नेऊन परत आणत होतो. संध्याकाळी सहाची वेळ. डब्यात शिरणे अशक्य म्हणून मालडब्यात चढलो आणि तंबोरा दोन पायांत धरून उभा राहिलो. कुर्ल्याला एक गृहस्थ दोन पत्र्याचे डबे घेऊन चढले. त्यांची काही चूक नव्हती. मीच मुलुंड गेल्यावर मोबाईल काढला आणि हात सुटला. ठाण्याला उतरून पाहिले तर भोपळ्याला वीतभर चीर. मालडब्यातल्या एका भाजीवाल्या मावशींनी तो हातात घेऊन आतून-बाहेरून न्याहाळला आणि म्हणाल्या, "एवढा मोठा भोपळा, आणि आत काहीच नाही?" त्या क्षणी मला रडू यायचे ते हसू आले.

दुरुस्ती झाली. कारागिराने चिरेत सरस आणि लाकडाचा भुसा भरला, आतून कापडाची पट्टी चिकटवली आणि वरून रंग मारला. आता चीर दिसत नाही. आवाज बदलला का? थोडा बदलला. पूर्वी तो पुढे फेकला जाई, आता आतल्या आत घुमतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर रियाजाला मला आताचाच जास्त आवडतो. मात्र तेव्हापासून मी तंबोरा रिक्षानेच नेतो, मागच्या सीटवर आडवा, भोपळा मांडीवर आणि खुंट्या पलीकडच्या बाजूने थोड्या बाहेर. तीन हात नाक्याच्या सिग्नलला शेजारच्या दुचाकीवाल्याने एकदा हळूच एक तार छेडून पाहिली होती.

पेटीवाल्यांच्या मुद्द्याबद्दल : थंड हवेत सूर हलतो, हे खरे आहे. पण हलणाऱ्या सुराकडे लक्ष ठेवणे हेच शिष्याचे शिक्षण असते. मी सहा वर्षे गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसलो. गाणे जेवढे समोर बसून शिकलो त्याहून अधिक तिथे मागे बसून शिकलो, कारण त्यांचा षड्ज माझ्या दोन तारांच्या मधोमध कुठे उतरतो हे मला पाठीमागून ऐकू येत असे.

वाशीकर आई

धागा वाचून भीत भीत विचारते. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते, आवाज काळी पाचला लावते. तिला खरा तंबोरा घ्यावा का? घर दोन खोल्यांचे आहे आणि खाडी जवळ असल्याने पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांनासुद्धा बुरशी येते.

चरईकर

ताई, भीत भीत कशासाठी? दहा वर्षांच्या मुलीला मोठा तंबोरा मांडीवर पेलणार नाही. मिरजेला लहान आकाराचे जनानी तंबोरे मिळतात, शिवाय भोपळा नसलेला, चपट्या पेटीचा तंबोराही मिळतो. तो आडवा ठेवून वाजवता येतो आणि कपाटावर मावतो. त्याचा घुमारा कमी असतो पण जवारी खरी असते. खाडीच्या हवेचा उपाय एवढाच : पावसाळ्यात रोज पाच मिनिटे का होईना तो वाजवा, वाजवून झाल्यावर पोलादी तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर श्रावणापर्यंत गंज चढतो. खुंटी घसरू लागली तर तिला शाळेतला खडू चोळा. लांब मुदतीसाठी बंद ठेवायचा असेल तर तारा थोड्या उतरवून ठेवा, म्हणजे तबलीवर ताण राहत नाही. आणि मोबाईलमधला तंबोरा काढून टाकू नका. खरा तंबोरा लावायला शिकताना तिला आधार म्हणून तोच लागेल. मीही सुरुवातीला जोडीची तार त्याच्याशीच मिळवत असे. आता आधी कानाने मिळवते आणि मग त्याच्याशी ताडून पाहते, आणि चुकले असेल तर कोणाला सांगत नाही.

अर्धमात्रा

एक मुद्दा राहून गेला आहे. तंबोऱ्याची पहिली तार रागाप्रमाणे बदलते. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमाला उतरवतात. मारवा किंवा पूरिया गायचा असेल तर अनेक गायक तिथे निषाद लावतात. मी गडकरी रंगायतनात मारव्याआधी तारा बदलताना एकदा पाहिले. पंचम निषादाकडे चढत असताना मधल्या चार-पाच सेकंदांत सगळे सभागृह अस्वस्थ झाल्यासारखे वाटले आणि निषाद लागताच दिवे मंद केल्यासारखे झाले, तेव्हा अजून कोणी एक स्वरही गायलेले नव्हते. आपल्याकडे मात्र तंबोरे लावण्याची वेळ ही शेजाऱ्याशी वाहनतळाची चर्चा करण्याची वेळ मानली जाते. मध्यंतरातला बटाटेवडा शांतपणे खाणारे लोक तंबोरा लागताना का बोलतात, हे मला कळलेले नाही.

पेटीवाला

अहवाल देतो. चरईकर बाईंनी निरोप पाठवला आणि रविवारी दुपारी मी पेटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. आंदोलकही ऐरोलीहून आले होते.

पहिली वीस मिनिटे मला काहीही ऐकू आले नाही. प, सा, सा, सा. मी चहा घेतला. बाईंनी पंखा बंद केला आणि सांगितले की खर्जाची तार छेडल्यावर लगेच ऐकू नका, पुढच्या पंचमाच्या आधीची जागा ऐका. तरीही नाही. मग आंदोलकांनी एक युक्ती केली : खर्जाच्या तारेच्या पाचव्या हिश्शावर बोट अलगद टेकवले, तार छेडली आणि बोट काढून घेतले. त्याबरोबर एकटा गांधार शिट्टीसारखा मोकळा झाला. कशासाठी कान लावायचा हे त्यानंतर कळले. बोट न लावता बाईंनी पुन्हा चार तारा सुरू केल्या आणि तो होता. मग तो घालवावा म्हटले तरी जाईना. थोड्या वेळाने पंचमाच्या तारेतला निषादही ऐकू आला. तो कोणीही दाखवलेला नव्हता, याची नोंद घ्यावी.

त्यानंतर मी पेटीवर पांढरी एक दाबली. आंदोलकांनी घड्याळ लावले होते. दहा सेकंदांत आम्ही एकेचाळीस हेलकावे मोजले. वीस वर्षे ज्या सुराच्या भरवशावर मी लोकांना गांधार दाखवत आलो तो सूर त्या तारेशेजारी असा थरथरताना ऐकणे सुखद नव्हते, हे लिहून ठेवतो. बाईंनी समजूत घातली की पेटीचे सूर घासून तंबोऱ्याला जुळवून घेता येतात. येतात, पण मग ती पेटी फक्त काळी चारलाच खरी बोलेल, आणि मला मंगळवारी काळी एकवाला गायक असतो आणि शनिवारी पांढरी पाचवाला. तेव्हा पेटी आहे तशीच राहील. फक्त त्या दुपारपासून भूप रागात गांधारावर ठेहराव आला की माझा हात पट्टीवरून जरा लवकर निघतो. काल गायकाने विचारलेदेखील की आज सूर का सोडलात.

यंत्राबद्दलचे माझे मत मागे घेत नाही. प्रवासात, शिकवणीत आणि तीनशे माणसांच्या सभागृहात ते लागणारच. मात्र "मोठे तुणतुणे" हे शब्द मागे घेतो.

एक प्रश्न : बाई, आपण मला निघताना पाच मिनिटे तंबोरा छेडायला दिलात तेव्हा माझ्या हातून गांधार येत नव्हता आणि आपल्या हातून येत होता, तारा त्याच असताना. हे कसे?

चरईकर

आपण तार ओढत होता. पेटीच्या पट्टीला दाब लागतो, तारेला लागत नाही. बोटाचे टोक नव्हे, बाजूचा मऊ भाग तारेवरून नुसता सरकू द्यायचा, आणि एक तार विझायच्या आत दुसरी, पण घाई न करता. मलाही महिना लागला होता.

तंबोरा सध्या मध्यमाला उतरवून ठेवला आहे, माझ्या बाईंनी मालकंस काढायला सांगितला आहे. गुरुवारी साडेआठनंतर घरी असते. पेटी आणली नाही तरी चालेल.